पाण्यातल्या पांढऱ्या कण्या

माझं डोकं फिरलेलं आहे असं आमच्या घरात पहिल्यापासून सगळेच म्हणतात. त्यामुळं ते खरोखरच फिरायला लागलं तेव्हा सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा नाही.

गुलमंडीत एका साडीच्या दुकानात मी काउंटरला असते. आमच्या दुकानात वर लाकडी माळा आहे आणि त्यावर एक माणूस दिवसभर बसलेला असतो. आम्ही खालून ओरडायचं, "काठपदर, रामा रंग!" की तो वरून गठ्ठा सोडतो. मान वर करून तो झेलायचा, फटाफट घड्या मोडून गिऱ्हाइकापुढं पसरायचा. दिवसातून किती वेळा मान वर जाते याचा हिशेब देवालाच ठाऊक. लग्नसराईचे दिवस होते. नवरीची आई समोर बसलेली, मी वर बघितलं आणि माळा, माणूस, ट्यूबलाइट सगळं जात्यासारखं गरगरलं. गठ्ठा माझ्या हातात यायचा तो नवरीच्या आईच्या मांडीत गेला. बाई चांगली होती बिचारी, तिनंच मला धरलं. शेठ लांबून म्हणाले, "बाई, उपाशी आलात का?" दोन वेळचे पोहे खाऊन आले होते मी! पण बोलायला तोंड उघडलं असतं तर पोहेच बाहेर आले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि पुन्हा तेच. पलंग घट्ट धरला तरी पडतेय असं वाटत होतं. उलट्या सुरू झाल्या. आमच्या ह्यांनी काय करावं? डॉक्टरला फोन करायच्या आधी गंगापूरला माझ्या वडलांना फोन लावला! कंपनीत मशीन बंद पडलं की पहिल्यांदा वरच्या साहेबाला कळवायचं, ही ह्यांची सवय. माझ्या बाबतीत वरचा साहेब म्हणजे आबा.

आबा दुपारपर्यंत काळीपिवळी जीप आणि रिक्षा करत पडेगावला आमच्या दारात हजर. धोतर, मुंडासं, हातात शेळीच्या दुधाची बाटली. आमचं घराणं मेंढरांचं. आता थोडीच राहिलीत, ती माझा भाऊ सांभाळतो. आबांचे गुडघे गेल्यापासून ते ओसरीवरच बसून असतात. आई गेल्याला बरीच वर्षं झाली. आल्या आल्या त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्या उशाशी बसले आणि विचारलं, "कोन्या बाजूला फिरतंय?"

"उजवीकडं वळलं की," मी म्हणाले.

"एकाच बाजूला?"

"हो."

दुधाची बाटली उशाशी ठेवून ते भिंतीला टेकले. मला वाटलं, दमले असतील प्रवासानं.

तोवर शेजारणींनी निदान करून टाकलं होतं. एकीनं सांगितलं पित्त, दुसरीनं सांगितलं नजर. तिसरी म्हणाली तिच्या जावेला असंच झालं होतं, आणि मग जावेचं पुढं काय झालं ते सांगायचं टाळून चहा पिऊन गेली. असल्या माणसांना घरात घेऊ नये खरं तर.

आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. आबा हट्टानं सोबत आले. बाई वयानं लहान, पण हात पक्के. मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडं वळवली आणि धाडकन मागं झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबेल असं. अख्खी खोली उलटीपालटी! मी किंचाळले, बाईंना दोन शब्द हासडले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. बाई शांतपणे माझ्या डोळ्यांकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "डोळे कसे झटके देतायत बघा. सापडलं." मग त्यांनी माझं डोकं धरून हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलं, मध्ये मध्ये थांबत, शेवटी कुशीवर करून उठवून बसवलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झोपवून बघितलं, तर काही नाही. खोली जागच्या जागी. मला तर बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग त्यांनी भिंतीवरच्या चित्रात समजावलं. कानाच्या आत, हाडाच्या पोटात, बारीक नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. तोल सांभाळायला तिथं खडूसारखे पांढरे कण असतात. ते जागा सोडून नळीत घसरले की डोकं वळवताना पाणी चुकीचं हलतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. "जिवाला धोका काही नाही," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा येऊ शकतं. रक्तातलं डी व्हिटॅमिन तपासून घ्या. ते फार कमी असलं तर हा त्रास वरचेवर होताना दिसतो."

मी इतकी मोकळी झाले की हसायला लागले. वळून आबांकडं बघितलं तर ते चित्रासमोर उभे. चेहरा राखेसारखा. हात जोडून बाईंना नमस्कार केला आणि आमच्या आधी बाहेर निघून गेले.

येताना रिक्षात आबा माझ्या शेजारी बसले. छावणीच्या पुढं आलो तेव्हा हळूच म्हणाले, "पानी हाय. आन् त्यात पांढऱ्या कण्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना हे सांगावं लागेल. कळपातली एखादी मेंढी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरायला लागते. चरायचं सोडते, एकाच बाजूला फिरत राहते, फिरत फिरत पडते. तिच्या डोक्यात, हाडाच्या आत, पाण्याचा फुगा झालेला असतो. लहानपणी मी आबांना असल्या मेंढीचं डोकं अंगठ्यानं चाचपताना बघितलंय. फुगा असेल तिथं कवटी मऊ पडते. ती जागा सापडली की आबा सुरी विस्तवात लाल करून तिथं उघडायचे आणि आतून फुगा काढायचे. पातळ पडद्याची पिशवी, आत स्वच्छ पाणी, आणि पाण्यात तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके. क्वचित एखादी वाचायची. काढताना फुगा फुटला तर मेंढी तिथंच पाय झाडायची. आमच्याकडं म्हणायचेच, फिरलं की गेलं.

आणि त्या बाईंनी माझ्या बापाला भिंतीवर नेमकं तेच दाखवलं होतं. डोकं, हाड, पाणी, पांढरे कण, एकाच बाजूची चक्कर. मला धीर द्यायला जे सांगितलं, त्यानंच आबांनी माझ्या नावानं पाणी सोडलं. माझी लेक चालली, असं त्यांनी मनात धरलं. ते त्यांच्या डोक्यातून काढायचं कसं?

मी रिक्षातच सुरू केलं, "आबा, ते वेगळं, हे वेगळं! मेंढीचा किडा असतो तो. हे कानातलं आहे, सगळ्यांनाच असतं!"

"व्हय," आबा म्हणाले. माझ्या बापाचा 'व्हय' दोन प्रकारचा असतो. एक पटल्याचा, एक पोरीचं मन राखण्याचा. हा दुसरा होता.

"बाई म्हणाल्या ना, धोका नाही म्हणून?"

"डाक्टर लोक आजाऱ्याला खरं सांगत नसत्यात."

झालं! आता बोला!

रक्ताचा रिपोर्ट आला. डी व्हिटॅमिन अगदीच तळाला गेलेलं. दुधातून घ्यायची पावडर मिळाली, आठवड्यातून एकदाच, आणि बाईंनी दोनदा बजावलं की रोज घ्यायची नाही. शिवाय म्हणाल्या, सकाळी जरा उन्हात बसा. मी भडकले. उन्हात बसा? अहो, मी जन्माला आले उन्हात, चालायला शिकले उन्हात! लग्न जमायच्या वेळी दोन स्थळांनी "मुलगी काळी" म्हणून नकार दिला, तेव्हापासून मी उन्हाशी वैर धरलं ते धरलं. स्कूटी काढायची म्हणजे डोळे सोडून तोंडभर स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, वरून तो पांढरा कोट. या शहरात उन्हाळ्यात चौकात बघा, सगळ्या बायका अशाच, दरोडा घालायला निघाल्यासारख्या. दुकान उघडायच्या आधी आत, ते रात्री बाहेर. अंगाला ऊन लागणार कुठून? पण हे पटायला मला वेळ लागला आणि आबांना तर पटलंच नाही. "आपल्या घरात ऊन कमी पडलं?" ते म्हणाले. "लोकाला सांगू नगंस. हसत्याल."

तरी मी रोज सकाळी गच्चीवर बाह्या वर करून बसायला लागले. आबा शेजारी बसायचे. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, म्हटलं, आलं आबांच्या लक्षात. मग एकदा म्हणाले, "बस बाई, बस. उन्हानं आतलं पानी आटंल." मी कपाळावर हात मारून घेतला.

दोन-तीन दिवसांत परत जातील असं वाटलं होतं, पण आबा हललेच नाहीत. रात्रीसुद्धा भिंतीला टेकून बसूनच झोपायचे; मला वाटायचं, गुडघ्यांमुळं. गावाहून भावाचा फोन यायचा, मेंढरांचं काय, त्यांच्या दवाखान्याचं काय, तर आबा म्हणायचे, "तू बघ. म्या हितंच हाय." आणि संध्याकाळी मी दुकानातून आले की तेलाची वाटी घेऊन बसलेले. "ये, डोक्याला तेल लावतो."

जन्मात कधी या माणसानं माझ्या डोक्याला तेल लावलं नव्हतं. ते आईचं काम. त्यांचा हात म्हणजे खरखरीत, केस ओढले जायचे. पण मी बसायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींच्या बस्त्याच्या साड्या उलगडून आलेलं अंग, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला बाप तेल लावतोय. खोटं कशाला सांगू, मला रडायला यायचं. ह्यांना मी म्हणालेसुद्धा, बघा, म्हातारपणी माया कशी उफाळून येते.

एका संध्याकाळी त्यांचा अंगठा उजव्या कानामागं येऊन थांबला. दाबला. थोडा वर सरकला, पुन्हा दाबला. आणि मला कळलं. हे तेल नव्हतं. बाप माझ्या कवटीत मऊ जागा शोधत होता.

मी उसळून उठले. तेलाची वाटी लाथेनं उलटली. "मी काय मेंढरू आहे का? मरायला टेकलेय का मी? रोज माझं डोकं चाचपताय! सापडली जागा तर काय करणार होता, सुरी तापवणार होता?"

आबा सांडलेल्या तेलाकडं बघत राहिले. "सुरी कशाला लावीन गं तुला?" एवढंच म्हणाले. "नुसतं बघत व्हतो. कुठवर आलंय."

त्या आवाजानं माझा राग कुठल्या कुठं गेला. मी फडकं आणून फरशी पुसायला लागले आणि आबाही गुडघे धरून खाली बसले, पुसायला. ह्यांनी त्या रात्री मोबाईलवर कानाचे व्हिडिओ काढून दाखवले. आबांनी सगळे मन लावून बघितले. बघून झाल्यावर म्हणाले, "त्येच हाय."

मग काही आठवडे बरे गेले. पावडर चालू होती, ऊन चालू होतं. दुकानात मी मान वर न करता, माळ्यावरच्या माणसाला गठ्ठा हातात द्यायला लावत होते आणि तो कुरकुर करत होता. आबांना गावी जा म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की उठून गच्चीवर जायचे. बरं वाटतंय म्हटलं की त्यांना ते मरायच्या आधीचं बरं वाटायचं.

आणि एका सकाळी पुन्हा चक्कर आली. हे पहिल्या पाळीला गेलेले. कूस बदलली आणि भिंत सुटली. पण या वेळी मला माहीत होतं काय करायचं ते. बाईंनी उजव्या बाजूची ती क्रिया घरी कशी करायची हे ह्यांना शिकवून ठेवलं होतं, मीही पाठ केलं होतं. फक्त डोकं धरायला कुणीतरी हवं होतं, आणि घरात आबांशिवाय कुणी नव्हतं.

"आबा," मी डोळे मिटून हाक मारली. "माझं डोकं धरा. पलंगाच्या कडेवरून खाली करायचंय. मी सांगते तसं वळवा."

"नाय," आबा म्हणाले.

"आबा!"

"फुटलं म्हंजी?"

आता मी हसू की रडू! चक्कर बाजूला राहिली, मला माझ्या बापाचा चेहरा दिसत होता. त्यांच्या लेखी मी त्यांना माझ्या मरणाचं काम सांगत होते. डोकं खाली केलं, हिसका बसला, फुगा फुटला की संपलं. मी ओरडले, चिडले, शेवटी हात जोडले. म्हणाले, "हे येईपर्यंत मी अशीच ओकत पडू का? काही फुटत नाही. तुमच्यासमोरच केलं ना बाईंनी?"

आबा खोलीबाहेर गेले. मला वाटलं, गेले निघून. मोरीत पाण्याचा आवाज आला. हात धुऊन आले. मुंडासं काढून कोनाड्यातल्या देवापुढं ठेवलं. उघड्या डोक्याचे आबा मी फार कमी वेळा बघितलेत. उशाशी उभे राहिले आणि दोन्ही तळव्यांत माझं डोकं घेतलं.

"उजवीकडं वळवा. आता खाली. एकदम."

घर फिरलं. मी दात दाबून धरले. वरून आबांच्या ओठांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, देवाचं नाव. पण हात? हात हलले नाहीत. अडलेल्या मेंढीचं कोकरू ओढताना जसे असायचे तसे, न घाई, न थरथर. फिरणं कमी झालं. "आता डावीकडं. हळू. थांबा." मग कुशीवर. मग पाय खाली सोडून बसले. खोली डुलली, स्थिर झाली, आणि स्थिरच राहिली.

"झालं," मी म्हणाले.

"झालं?"

"झालं आबा. बघा, जिवंत आहे."

त्यांना ते ऐकून भागणार नव्हतं. थोडा वेळ बसू दिलं, मग म्हणाले, "चालून दाव." खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. त्यांनी माझे पाय बघितले, मान बघितली. "वळ." वळले. "इकडून वळ." उजवीकडून वळले. मी सरळ चालत होते. कळपातून सरळ चालणारं जनावर कोणतं आणि नाही कोणतं, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आबा भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसायचं भानही नव्हतं.

"म्हंजी फुगा नाय," ते म्हणाले.

"नाही हो. कधीपासून सांगतेय मी!"

"असता तर ह्या हिसक्यात राहिली नसतीस." बाहेर पाण्याचा टँकर आला होता, बायकांची भांडणं चालू झाली होती. आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "मपलं बी तसंच हाय."

"तुमचं? काय तसंच आहे?"

"वळलं की फिरतंय. आडवं झालं की लई फिरतंय. तवा बसूनच झोपतो."

मला आधी कळेचना. "कधीपासून?"

"मागल्या उन्हाळ्याच्या आधीपसनं."

"आणि कुणाला सांगितलं नाही? भावालासुद्धा? कामून?"

"काय सांगू? फिरलं की गेलं, हे म्याच समद्यांला सांगत आलो. मपलं वय झालं. जाऊ दे म्हटलं." मग त्यांनी वर बघितलं. "पर जावयाचा फोन आला, तुला बी फिरतंय म्हनून. तवापसनं घास गेला नाय बाई. ल्हानपनी तू माझ्याच ताटात जेवायचीस. माझ्याच घोंगडीत निजायचीस. खरं सांग. माझ्यापसनं तर नाय ना लागलं तुला?"

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. इतके दिवस हा माणूस माझं डोकं चाचपत नुसता माझं मरण मोजत नव्हता, ते आपण दिलं असं धरून बसला होता. आणि मी त्याच्यावर वाटी उलटवली होती.

"नाही आबा," मी म्हणाले. "हे कुणापासून कुणाला लागत नाही. तुम्हालाही फुगा नाही. बाई तुमचंही डोकं असंच खाली करतील आणि तुम्ही असेच उठून चालाल."

"तू असशील तिथं?"

"मी धरीन डोकं."

हे पाळीवरून आले की आबांना घेऊन बाईंकडं निघायचं ठरलं. तोवर चहा टाकला. आबांनी कितीतरी दिवसांनी पोळी मागितली, गरम, आणि दुसरीही मागितली.